विहिरीतलं लोखंड

संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण करणारा शेतकरी फवारणीआधी एक परीक्षा घेतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवायचे आणि प्लास्टिकच्या पिंपात एकत्र करायचे. मग घासून लख्ख केलेला विळा त्या निळ्या पाण्यात थोडा वेळ धरायचा. पातं जसंच्या तसं बाहेर आलं तर मिश्रण तयार. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. तसंच फवारलं तर पानं करपतील. मग आणखी चुन्याची निवळी घालायची आणि विळा पुन्हा बुडवायचा. हे मिश्रण लोखंडी टाकीत करू नये, हेही त्याला ठाऊक असतं.

मेहकर तालुक्यात दहावीला विज्ञान शिकवताना मी ‘धातुविज्ञान’ हा धडा नेहमी या विळ्यापासून सुरू करतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्यात लोखंड बुडालं की लोखंडाचे कण पाण्यात उतरतात आणि तांबं बाहेर येऊन पात्यावर बसतं. उलटं कधी होत नाही. तांब्याचा तुकडा हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात महिनाभर ठेवला तरी त्यावर लोखंड चढणार नाही. म्हणजे धातूंमध्ये काही क्रम आहे. तो शोधायला परदेशातली प्रयोगशाळा लागते असं मुलांना वाटू नये, एवढ्यासाठी विळा. आमच्या हिवरा आश्रमाच्या आसपासच्या मुलांच्या घरात विळा, खुरपं, वखराची पास यांतलं काहीतरी असतंच.

फळ्यावर मी तो क्रम वरून खाली लिहितो. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथिल, शिसं, तांबं, चांदी, सोनं. पुस्तक त्याला अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणतं. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकतो, ऑक्सिजन दिसला की धरतो आणि धरला की सहजी सोडत नाही. खालचे धातू मात्र एकटे राहू शकतात. माणसाचा धातूंशी झालेला परिचय बऱ्याच अंशी हाच फळा खालून वर वाचल्यासारखा आहे. सोनं नदीच्या वाळूत पिवळं चमकत पडलेलं मिळालं. तांबं थोड्या आगीला वश झालं. लोखंडाला त्याहून कितीतरी अधिक खटपट लागली. सोडियम डोळ्यांना दिसायला १८०७ साल उजाडावं लागलं. ॲल्युमिनिअम स्वस्त झालं ते १८८६ नंतर.

आमच्या आसपास या फळ्यावरची दोन टोकं हाकेच्या अंतरावर आहेत. खालचं टोक वाशीमला. तिथे १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातलं दानपत्र, काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात, आणि सोळाशे वर्षांनंतरही वाचता येण्याजोगं. दान चंद्रसूर्य असेतो टिकावं असं ज्यांना वाटत होतं त्यांनी ते तांब्यावर कोरलं, लोखंडावर नाही. लोखंडाचा पत्रा काळ्या मातीत पुरला असता तर काही पावसाळ्यांत अक्षरं गेली असती आणि पुढे पत्राही. श्रेणीतली खालची जागा म्हणजे स्मरणाची जागा, हे त्या काळच्या राजलेखकांना सूत्र न मांडताही कळलं होतं. याच धातूनं दायमाबादचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ हे प्राचीन पुतळेही सांभाळले. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना ते मिळाले. चौघांचं वजन मिळून साठ किलोंहून जास्त.

वरचं टोक लोणारला. त्या तळ्याच्या पाण्यात सोडियम ठासून भरलं आहे, पण धातू म्हणून तिथे कणभरही मिळायचं नाही. सगळं कार्बोनेटच्या आणि मिठाच्या रूपात. आईन-इ-अकबरीत या भागाच्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं अशी नोंद आहे. त्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा पांढरा खार लोक गोळा करत आणि दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी करत. शतकानुशतकं हा व्यवहार चालला. ज्या धातूचा खार विकला जात होता तो धातू मात्र कुणी पाहिला नव्हता. पाहणं शक्यच नव्हतं, कारण सोडियमला त्याच्या जोडीदारांपासून तोडण्याएवढं बळ कोळशाच्या साध्या भट्टीत नाही. हंफ्री डेव्हीनं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली तेव्हा तो चांदीसारखा मऊ धातू पहिल्यांदा बाहेर आला. आजही तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. हवा लागली की तो पुन्हा जोडीदार शोधतो.

लोणार आणि वाशीम ही टोकं झाली. मधली जागा, जिथे आम्ही उभे आहोत, ती लोखंडाची आणि ॲल्युमिनिअमची आहे.

पैनगंगेच्या पात्रात वाळूतून लोहचुंबक फिरवलं की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. मुलांना हा खेळ ठाऊक असतो. ते कण मॅग्नेटाइटचे, काळ्या पाषाणातून सुटलेले. आमच्या पायाखालचा सगळा खडक बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यात आठ ते दहा टक्के लोखंड आहे. एका घनमीटर पाषाणात ढोबळमानानं पाव टन. पाच मीटर रुंद आणि बारा मीटर खोल विहीर खणली तर बाहेर पडलेल्या दगडा-मुरमात पन्नास-साठ टनांच्या आसपास लोखंड असतं आणि ॲल्युमिनिअम त्याच्या जवळपास. हा हिशेब मी फळ्यावर करून दाखवतो. वर्गात एकदम गलका होतो आणि मागून ठरलेला प्रश्न येतो, “सर, एवढं लोखंड हाये त मंग आपल्याकडं खाण काहून नाही?”

मला हा प्रश्न संपूर्ण धड्याहून मोलाचा वाटतो. धातू असणं आणि धातुक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या खडकातलं बहुतेक लोखंड सिलिकाच्या जाळ्यात अणू-अणूनं गुंतलेलं आहे. गुळाचा खडा ताटातून उचलता येतो, चहात विरलेला गूळ नाही; तसं. तो परत काढायला जेवढं इंधन जाळावं लागेल त्याच्या किमतीत बाहेरून कितीतरी लोखंड येईल. खाण तिथेच होते जिथे माणसाच्या आधी निसर्गानं वेचणी करून ठेवलेली असते.

आणि ही वेचणी कशी होते ते पाहायला कोल्हापूरला जावं. राधानगरीच्या डोंगरमाथ्यावर बॉक्साइट आहे, ॲल्युमिनिअमचं धातुक. त्या डोंगराखाली खडक कोणता? आमचाच, बेसाल्ट. पण सह्याद्रीच्या माथ्यावर लाखो वर्षं धो-धो पाऊस पडला. त्यानं खडकातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं, हळूहळू सिलिकाही नेली. जे पाण्याला दाद देत नाही ते ॲल्युमिनिअम आणि लोखंड मागे राहिलं. कुठे त्याचा तांबडा जांभा झाला, कुठे बॉक्साइट. आमच्याकडे पाऊस बेताचा, धुण्याचं काम अर्धवट राहिलं, म्हणून आमच्या वाट्याला काळी माती आली. कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा देणारी. एकाच दगडाला पाऊस किती मिळाला यावर एका डोंगरावर खाण आणि दुसऱ्या पठारावर शेत, हे मला दरवेळी नव्यानं थक्क करतं. आमच्याकडे खाण नाही याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. धुऊन न गेलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आमची पिकं खातात.

लोखंडाच्या खाणींची कथा याहून जुनी आहे. गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोहखनिज त्या काळातलं, जेव्हा पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. मग नील-हरित जीवाणूंनी सूर्यप्रकाशावर जगताना ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली. समुद्रातल्या लोखंडानं तो धरला आणि तळाशी थर साचत गेले, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे आज ज्याला आपण धातुक म्हणतो तो मुळात समुद्राला चढलेला गंज आहे. त्या जीवाणूंची भावकी आजही लोणारच्या पाण्यात आहे. तळ्याचा हिरवा रंग त्यांचाच. तळ्याच्या काठावर उभं राहून मी मुलांना हे सांगतो. ज्या जीवांनी जगभरच्या लोखंडाला ऑक्सिजनशी बांधलं त्यांचे वंशज इथे समोर आहेत, आणि ज्या उल्केनं हा खड्डा पाडला ती आली त्या अवकाशात ऑक्सिजन नाही, त्यामुळे काही उल्कांमध्ये लोखंड निखळ धातू म्हणून टिकलेलं असतं. भट्टी माहीत होण्याआधी माणसानं हत्यारासाठी वापरलेलं लोखंड असं आकाशातून पडलेलं होतं. लोणारच्या उल्केचा मोठा तुकडा मात्र सापडलेला नाही. आघाताच्या उष्णतेत ती जवळजवळ सगळी विरून गेली.

मग जमिनीवरच्या गंजातून लोखंड सोडवणारे पहिले हात विदर्भात कुणाचे? नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला १९७८ ते ८० मध्ये शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. मातीच्या वळणदार विटांची, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह, आणि शेजारी लोहकीट. काळ साधारण सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा, शिळावर्तुळं उभारणाऱ्या लोकांचा. त्या लहानशा भट्टीत काय घडत होतं ते समजून घेण्यासारखं आहे. कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू होतो. त्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडाहून जास्त. तो खनिजातला ऑक्सिजन घेऊन वर निघून जातो, मागे लोखंड राहतं. पण लोखंड १५३८ अंशांना वितळतं आणि त्या भट्टीत एवढी धग होत नसे. त्यामुळे लोखंड पाण्यासारखं वाहून येत नसे. कीट अडकलेला, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा मिळे. तो लाल असतानाच घणानं ठोकून-ठोकून कीट बाहेर काढावं लागे. नैकुंड, माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या कुऱ्हाडी, छिन्न्या अशा ठोकाठोकीतून आल्या. त्यांतल्या कुणाचंही नाव उरलेलं नाही. मला मात्र विंध्यशक्तीच्या ताम्रपटाहून त्या फुटक्या मातीच्या नळीपुढे हात जोडावेसे वाटतात.

विदर्भाच्या लोखंडाशी हिवरा आश्रमाचा एक धागा आहे, आणि तो मला उशिरा दिसला. शुकदास महाराजांनी साठच्या दशकात इथे उभा केलेला आश्रम स्वामी विवेकानंदांच्या नावाचा. १८९३ मध्ये विवेकानंद योकोहामाहून व्हँकुव्हरला निघाले तेव्हा त्याच जहाजावर जमशेटजी टाटा होते. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८९८ ला, जमशेटजींनी त्या सहप्रवासाची आठवण देत त्यांना पत्र लिहिलं आणि आपल्या नियोजित विज्ञान संस्थेच्या कामी साथ मागितली. हे पत्र पुष्कळांना माहीत असतं. त्याच जमशेटजींच्या डोक्यात पोलाद शिरलं ते आमच्या विदर्भामुळे, हे कमी जणांना माहीत असतं. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल होती. १८८२ मध्ये त्यांनी रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल वाचला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं, जवळ वरोऱ्याला कोळसाही होता. पण तो कोळसा तपासणीत कामाचा ठरला नाही. झोतभट्टीला लागतो तो कोक, वरच्या खनिजाचा भार पेलणारा आणि नुसती उष्णता देऊन न थांबता ऑक्सिजन ओढून काढणारा. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ च्या पत्रानं मयूरभंजचं खनिज दाखवलं, झरियाचा कोळसा जवळ होता, आणि कारखाना साकचीला झाला. चंद्रपूरच्या लोहाऱ्याला तो झाला नाही तो कोळशापायी. लोखंड होतं, लोखंडाला सोडवणारा नव्हता.

म्हणूनच मला वाटतं, धातू ही जमिनीतून उपसलेली वस्तू नव्हे. ती ऑक्सिजनपासून तोडलेली वस्तू आहे आणि तोडण्यासाठी जेवढी ऊर्जा खर्ची पडली ती तिच्यात साठून राहिलेली असते. एक किलो लोखंड खनिजातून सोडवायला जी किमान ऊर्जा लागते ती तेवढंच लोखंड वितळवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या पाचपटींहून अधिक आहे. ॲल्युमिनिअमचं बोलायलाच नको. कार्बन त्याच्यापुढे साध्या भट्टीत हरतो, वीजच लागते. ॲल्युमिना दोन हजार अंशांच्या वर वितळतो. तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये साडेनऊशे अंशांच्या आसपास विरघळवता येतो हे १८८६ मध्ये अमेरिकेत हॉलनं आणि फ्रान्समध्ये एरूनं, एकमेकांना न ओळखता, शोधलं. दोघेही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. आजही किलोभर ॲल्युमिनिअमला चौदा युनिटच्या आसपास वीज जाते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथे लाखो लोकांची पंगत बसते, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. पंक्तीच्या स्वयंपाकातल्या मोठ्या पातेल्यांकडे पाहताना कुठल्या तरी धरणाची किंवा औष्णिक केंद्राची वीज त्या पत्र्यात थिजून बसली आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर येतं. पुस्तकात थर्मिटचा प्रयोग आहे. ॲल्युमिनिअमची भुकटी लोखंडाच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन हिसकावते आणि ती साठलेली ऊर्जा एका क्षणात बाहेर पडून लोखंड वितळतं, रूळ सांधले जातात. आमच्या मुलांना ते प्रत्यक्ष दाखवता येत नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांची झाली, रूळ अजून आलेले नाहीत.

गंज हीच ऊर्जा हळूहळू परत करतो, इतकी हळू की हाताला उष्णता जाणवत नाही. उन्हाळ्यात घिसाडी गावाबाहेर पाल टाकत. खड्ड्यात कोळसा, बाजूला भाता. पुरुष सांडशीत पास धरून बसलेला, बाई समोर उभी राहून घण घालणारी. प्रत्येक घावासरशी काळे पापुद्रे उडत. तेही ऑक्साइडच. दर वेळी पास तापली की थोडं लोखंड हवेनं परत घेतलं. आमच्या घरची पास मी चार बोटांनी झिजलेली पाहिली आहे. झिजलेलं लोखंड शेतात गेलं, मातीतल्या मूळच्या लोखंडात मिसळलं, आणि आता ते विहिरीतल्या दगडातल्या लोखंडाइतकंच अप्राप्य आहे. दूर कुठल्या खाणीतून, कोकच्या आगीतून आलेलं ते लोखंड. त्याला पुन्हा वेचून काढणारा कुणी नाही.

उरलेली पास भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. या माणसाकडे गाव ज्या नजरेनं पाहतं ते मला खटकतं. दारोदार फिरून तो जे गोळा करतो ते सगळ्यात महागडं काम झालेलं लोखंड असतं. सिंदखेडराजामार्गे ते जालन्याला पोचतं. तिथल्या प्रवर्तन भट्ट्यांना खाण लागत नाही, कोकची झोतभट्टी लागत नाही. टनभर भंगार वितळवायला पाच-सहाशे युनिट वीज पुरते, कारण ऑक्सिजन तोडण्याचं काम कुठल्या तरी भट्टीत कधीच होऊन गेलेलं आहे. त्याच्या सळया होऊन त्या परत आमच्या विहिरींच्या कठड्यांत, शाळांच्या छतांत येतात. ॲल्युमिनिअमचा फायदा तर याहून मोठा. जुनं पातेलं वितळवायला नव्या धातूच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते.

धडा संपवताना मी मुलांकडून एक काम करून घेतो. घरामागे पडलेलं लोखंड त्यांनी वजन करून आणायचं, गंज खरवडून पुन्हा वजन करायचं आणि फरक वहीत लिहायचा. प्रवर्तन भट्टी मुख्यतः वितळवते. खनिजातला ऑक्सिजन काढण्याची सोय तिच्यात जवळजवळ नसते. त्यामुळे भंगारावरचा बराचसा गंज तिथे धातू होत नाही, मळीत जातो. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या तिफणीचं लोखंड गंजून किती घटलं हे मुलं घरी सांगतात, आणि काही घरांतून आता मृगाच्या आधीच भंगारवाल्याला हाक मारली जाते.